अंगद वल्द सटवाजी

त्या दिवशी सकाळपासून येडबा दोन घटका एका जागी बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. मेंढवाड्याकडं तो चारदा जाऊन आला. आज मेंढरं चरायला सोडली नव्हती. उन्हं वर आल्यापासून ती ओरडत होती आणि येडबा दर वेळी त्यांना 'गप बसा की गं बायांनो' असं सांगून येत होता. मांडवात अंथरलेली घोंगडी त्यानं दोनदा उचलून दोनदा अंथरली. चुलाणावर शिजणाऱ्या सागुतीत डोकावून पाहिलं आणि बायकोची, सुगंधाबाईची, बोलणी खाल्ली.

"बाईमानसाच्या कामात कामून नाक खुपसायलाव? पावने आलेत तितं, बसा की त्यांच्यापाशी."

"बसलोच हाय," येडबा उभ्या उभ्या म्हणाला.

अंगद मॅट्रिक झाला होता. चुडाव्याच्या स्टेशनापलीकडं धनगरांची बारा-पंधरा घरं. त्यातलं एक पोर चौथीच्या पुढं गेलं नव्हतं, आणि येडबाच्या पोरानं परभणीत सात वर्षं काढून, लोकरीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात झोपून, उर्दूतली परीक्षा दिली होती. पास झाल्याचा दाखला हाती आला त्याला आज पाच दिवस झाले. या पाच दिवसांत येडबाला भेटेल त्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं आणि त्यानं एकालाही सांगितलं नव्हतं. सांगायचा मान थोरल्या भावाचा, सटवाजीचा.

या घरची रीतच तशी होती. थोरल्याच्या देखत धाकट्यानं आपलं मूल मांडीवर घ्यायचं नाही, त्याचं कौतुक करायचं नाही, त्याला नावानंसुद्धा हाक मारायची नाही. मूल घराचं आणि घर थोरल्याचं. अंगद रांगत होता तेव्हा सटवाजीची पायताणं अंगणात वाजली की येडबा पोराला झटकन खाली ठेवायचा, जसं काही शेजाऱ्याचं कोकरूच उचलून आणलं होतं. जावळ काढलं ते सटवाजीच्या मांडीवर. शाळेत घातला तो सटवाजीनं. अंगद सटवाजीला 'आबा' म्हणायचा आणि बापाला सगळ्या वस्तीसारखा 'भाऊ'. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. येडबालाही नव्हतं, निदान त्यानं तसं कधी म्हटलं नव्हतं.

पण दाखला आला त्या संध्याकाळी त्यानं अंगदला मेंढवाड्यापाशी गाठलं होतं.

"काय काय लिवलंय रं ह्याच्यावर?"

"नाव, गाव, पास झाल्याची तारीख."

"नाव म्हंजे पुरं नाव?"

"व्हय."

"बापाचं बी आसतंय?"

अंगद वाहणेचा अंगठा ठीक करायला खाली वाकला. "आसतंय," तो म्हणाला.

येडबाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो माणिकराव मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. मास्तरांनीच पोराला चौथीपर्यंत शिकवलेलं, त्यांना उर्दू चांगलं यायचं. "मास्तर, जेवनाच्या आधी समद्यांसमोर तो कागद मोठ्यांदा वाचायचा. एकबी शब्द गाळायचा न्हाई," येडबा म्हणाला. मास्तरांना ती अडाणी माणसाची हौस वाटली. खरं म्हणजे अठरा वर्षं जे आपल्या तोंडून निघालं नाही ते सरकारच्या कागदानं भावकीपुढं बोलून दाखवावं, एवढाच येडबाचा बेत होता. त्यात कुणाचा मान मोडत नव्हता. कागदाला कोण रीत शिकवणार?

*

कस्तुराबाई मागल्या पडवीत भाकरी थापत होती. सटवाजीची ही बायको. तिला मूल झालं नाही, पण अंगदला वाढवला तिनंच. येडबा आणि सुगंधाबाई आठ-आठ महिने मेंढरांमागं गोदाकाठानं फिरायची आणि पोर शाळेसाठी चुडाव्यात थोरलीपाशी राहायचं. गोवर, खरूज, मोडलेला हात, सगळं तिनं निस्तरलेलं. त्यामुळं अंगद आत येऊन उगाच खांबाला टेकला तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं.

"काय झालंय?"

"थोरले माय, मास्तरांना तेवढा निरोप दे. म्हनावं, दाखला मीच वाचतो."

"आपली बढाई आपनच वाचतेत का? आन भावजी कवाधरनं नाचायलेत, मास्तर वाचनार, मास्तर वाचनार म्हनून."

अंगदनं उंबरा ओलांडला, परत आत आला, रांजणातून पाणी घेतलं आणि न पिता ओतून दिलं. नवा पांढरा सदरा अंगावर, तरी पोर परीक्षेला निघाल्यासारखं दिसत होतं. कस्तुराबाईनं हात पुसले.

"माज्यापाशी बोल."

"त्याच्यात नाव चुकलंय."

"तुजं?"

"बापाचं. आबाचं नाव हाय तितं. परभणीच्या शाळेत घातलं त्या दिवसापासून आबाचंच हाय. मी वाचलं आसतं तर भाऊचं नाव घालून वाचलं आसतं. कुनाला काय कळलं नसतं."

तव्यावरची भाकरी करपली तरी कस्तुराबाईचं लक्ष गेलं नाही. "बरं," ती म्हणाली. "सांगते मी मास्तरांना. जा तू, फेटा बांधायला बोलवायलेत."

अंगद गेला. तिनं नवी भाकरी टाकली, ती उलटली, तिसरी थापायला घेतली. मास्तर मांडवात, वीस पावलांवर बसलेले. हाक मारली असती तरी पुरलं असतं. तिला वाईट वाटत होतं, भावजीचं तोंड डोळ्यांपुढं येत होतं, आणि तरी आतून आनंद होत होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती. वस्तीतल्या बारशांना तिला मागं उभं राहावं लागे, ओटी भरताना तिच्या हातून कुंकू घेत नसत. आज चार गावची माणसं बसलेली असताना कुणीतरी वाचून दाखवणार होतं की तिच्या घरधन्याला मुलगा आहे.

तिनं निरोप दिला नाही. ती भाकरी थापत राहिली आणि मांडवाकडं कान लावून बसली.

*

सटवाजीनं अंगदला फेटा बांधला. ध्यान बांधण्यात नव्हतं म्हणून दोन पेच सैल बसले. पूर्णा स्टेशनावरचे मालबाबू दिनकरराव आले होते. ते दरवर्षी येडबाकडून एक घोंगडी घेत आणि घासाघीस न करता घेत, म्हणून येडबाच्या लेखी देवमाणूस. लढाईमुळं रेल्वेत माणसं कमी पडत होती आणि पूर्णेला उमेदवार, म्हणजे शिकाऊ, कारकुनाची एक जागा निघाली होती. दिनकररावांनी अर्जाचा कागदच बरोबर आणला होता. त्यांना साडेचारची गाडी गाठायची होती, त्यामुळं तेही दर थोड्या वेळानं खिशातलं घड्याळ काढून बघत होते.

माणिकराव मास्तर उठले. येडबा मांडवाच्या कडेला पाण्याची कळशी घेऊन उभा राहिला. हातात काहीतरी असलेलं बरं, असं त्याला वाटलं. अंगदनं मागं वळून पडवीकडं पाहिलं. पडवीच्या दारात कस्तुराबाई उभी होती. तिनं नजर दुसरीकडं वळवली, आणि पोराला सगळं कळलं.

"मास्तर, आणा, मी वाचतो," तो घाईनं म्हणाला.

"बस खाली! आता तू माझा विद्यार्थी नाहीस, साहेब आहेस," मास्तर हसून म्हणाले. माणसं हसली. येडबा सगळ्यांत मोठ्यानं हसला.

मास्तरांनी चष्मा लावला. आधी उर्दूतून एक ओळ, मग तिचा मराठीत अर्थ, असं ते सावकाश वाचत चालले. साल तेराशे बावन्न फसली. इम्तिहान मॅट्रिक. "तस्दीक की जाती है... म्हणजे असं खरं करून दिलं जातं की, अंगद वल्द..." ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. मास्तर प्रामाणिक माणूस, आणि एकही शब्द गाळायचा नाही अशी ताकीद होती.

"अंगद वल्द सटवाजी, राहणार चुडावा, कामियाब. म्हणजे सटवाजीचा मुलगा अंगद, पास."

मांडवात कुणाला काही वाटलं नाही. "व्वा!" कुणीतरी म्हणालं. भावकीतला एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "बरुबरच हाय. कारभाऱ्याचं नाव लागनार." एका पाहुण्यानं सटवाजीच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांनी पुढचं भराभर वाचून टाकलं आणि खाली बसले.

येडबानं कळशी खाली ठेवली. मग उचलली आणि पंगतीत पाणी वाढू लागला. अजून पानं मांडली नव्हती, पेले नव्हते. तो नुसताच कळशी घेऊन माणसांच्या रांगेतून चालत गेला, दुसऱ्या टोकाला पोचला आणि तसाच घरात शिरला.

*

जेवणं उरकली ती कशीबशी. पाहुणे ढेकरा देत निंबाखाली कलंडले आणि घरची माणसं आत गोळा झाली. दिनकरराव आणि मास्तर तेवढे ओट्याच्या कडेला टेकले होते, निघून जावं की बसावं हे न कळून.

सुगंधाबाई एरवी भायापुढं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, बोलत नसे. आजही ती भिंतीकडं तोंड करून बोलली, पण आवाज सगळ्या घरभर गेला.

"इचारा म्हनावं, हे कसं झालं. आमी रानात व्हतो. उन्हातानात मेंढरं वळायलो. हितं आमचं लेकरू कागदावर दुसऱ्याचं झालं, आन आमाला सात वर्सं पत्ता न्हाई."

सटवाजी म्हातारा गडी, साठीच्या घरातला. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "परभणीच्या शाळेतला कारकून मुसलमान व्हता. त्यानं इचारलं, बाप का नाम क्या जी. मला वाटलं, घरच्या मोठ्या मानसाचं नाव इचारायलाय. पटवाऱ्याकडं माजंच नाव, चराईच्या परवान्यावर माजंच नाव. ते सांगितलं."

मास्तरांनी मान हलवली. असं होतं, खेड्यापाड्यांतून पुष्कळदा होतं. दिनकररावांनीही मान हलवली. तिथं गोष्ट मिटलीही असती.

"खोटं हाय हे," सटवाजी म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघू लागले. "मला कळलं व्हतं. पोरगं माज्या बोटाला धरून हुबं व्हतं. बाप का नाम म्हनला, आन मला वाटलं, एक डाव म्हनून बगावं. एक डाव. घरी गेल्यावर कुनाला काय कळतंय? मला काय ठावं, येकदा लिवलेलं जलमभर मागं यील म्हनून. येडबा, तू आलास रानातनं तवा सांगावं म्हनलं. तू पाया पडलास. म्हनलास, दादा, पोरगं शाळेत घातलं, लय उपकार झाले. मंग कसं सांगू?"

येडबा दाराच्या चौकटीत उभा होता. त्याचा एक पाय बाहेर होता, एक आत.

"मला इचारलं आसतं तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तर काय?"

"तर मी व्हय म्हनलो आसतो, दादा. तुमाला न्हाई म्हनायला मी शिकलोच न्हाई. पन इचारायचं."

सटवाजीनं खाली मान घातली. सुगंधाबाईनं आता मोर्चा अंगदकडं वळवला. "आन तू? तुला वाचता येतंय की."

अंगदला याच प्रश्नाची सात वर्षं धास्ती होती. पहिल्या दिवशी हजेरीला नाव पुकारलं तेव्हा त्याला वाटलं होतं, दुसराच कुणी अंगद असेल. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कळलं. उठून सांगावं तर नाव काढून टाकतील अशी भीती. घरी सांगावं तर आबा आणि भाऊ यांच्यात काय होईल त्याची त्याहून भीती. दिवस गेले, वर्षं गेली आणि ते नाव अंगात मुरलं. वर्गात पहिला आला तेव्हा तेच नाव फळ्यावर लागलं. पास झाल्याचा आनंद त्याला धड घेताच आला नव्हता.

"मला सांगता आलं न्हाई," तो म्हणाला. "रोज हजेरी व्हायची. अंगद वल्द सटवाजी. मी म्हनायचो, हाजिर जनाब."

"रोज?" येडबानं विचारलं.

"रोज."

येडबानं चौकट घट्ट धरली. मघाशी मांडवात लागलं होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं, आणि ते त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं. अंगदला ते बघवेना.

"मी दुरुस्तीची दरखास्त देतो," तो एकदम मोठ्यानं म्हणाला. "उद्याच परभणीला जातो. तुमी दोगं या, जबाब द्या. नाव बदलून घेऊ."

"घेता येईल," मास्तर चाचरत म्हणाले. "पण दाखला जमा करावा लागेल. चौकशी होईल. सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही."

"आणि सोमवारी साहेबापुढं उभं राहायचंय, दाखला हातात घेऊन," दिनकरराव म्हणाले. "मागं नांदेडची चार पोरं उभी आहेत. जागा थांबणार नाही. मला विचाराल तर आज मी इथं काहीच ऐकलेलं नाही. चांगलं जेवलो, एवढंच मला ठाऊक."

"मला नगं ती नौकरी," अंगद म्हणाला. "मेंढरं वळतो."

"मेंढरं वळायला तुला परभणीला धाडला व्हता का?" कस्तुराबाई पडवीतून आत आली. तिचे डोळे लाल झाले होते, आणि चुलाणाच्या धुरानं झाले असतील असं म्हणायची सोय नव्हती. "ऱ्हाऊ द्या की हाय ते. एकाच घरचं नाव हाय. काय परक्याचं हाय का?"

सुगंधाबाई भिंतीकडून फिरली. "आक्का, तुमाला ठावं व्हतं."

"सकाळी कळलं."

"आन गप बसलाव!"

"बसले. त्यानं मला सांगितलं, मास्तरांना निरोप दे म्हनून. मी दिला न्हाई." कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला, पण बोलायचं थांबली नाही. "मला ऐकायचं व्हतं गं. येक डाव समद्यांसमोर कुनीतरी म्हनावं वाटलं. तुला न्हाई कळायचं ते. तुला कूस हाय."

अंगदला वाटलं, आता माय थोरलीच्या झिंज्या धरणार. सटवाजीलाही तसंच वाटलं असावं, तो अर्धवट उठला. सुगंधाबाई जावेकडं बघत राहिली. या बाईनं आपल्या पोराला दहा वर्षं न्हाऊमाखू घातलं, आपण रानातून आलो की पोर हिच्या पाठीमागं लपायचं, आणि त्याचा राग आपण अजून मनात धरून आहोत, हे सगळं तिच्या मनात आलं. मग ती मास्तरांकडं वळली.

"मास्तर, त्या कागदावर माजं नाव कुटं हाय?"

"आईचं नाव नसतं बाई त्याच्यात."

"बगा की नीट. येखाद्या कोपऱ्यात आसंल."

"नसतं."

"आक्काचं?"

"त्यांचंही नाही."

"मंग झालं तर." सुगंधाबाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो तिनं सावरलाही नाही. "नऊ महिने म्या वागवला, धा वर्सं आक्कानं खाऊ घातलं. आमा दोगीचं नाव जगातल्या कोनत्याच कागदावर न्हाई. आमी रडायलो का? आन तुमी दोगं भाऊ! येकानं नाव चोरलं म्हनून ह्यो रडतोय, चोरून बसला म्हनून त्यो रडतोय. बाबूंची गाडी चुकायली आन पोराची नौकरी जायली, ते बगा आधी."

मास्तर चष्मा पुसू लागले. येडबा मात्र चौकटीतून बाहेर पडला आणि तडक मेंढवाड्याकडं निघून गेला.

*

तो मेंढरांत जाऊन उभा राहिला. दिवसभर कोंडलेली मेंढरं त्याच्या पायांशी घुसली, त्याला ढकलू लागली. बायको काय चुकीचं बोलली, हे तो शोधत होता. सापडत नव्हतं. नाव चोरलं गेलं याचा राग भावावर होताच, पण त्याहून मोठा राग आता त्याला स्वतःचा येत होता. हे पोरगं माझं आहे, एवढं चार शब्दांचं बोलणं. ते अठरा वर्षं जमलं नाही, म्हणून कागदाला बोलायला लावलं, आणि कागद दुसऱ्याचं बोलला. यात कागदाची काय चूक?

पुलाच्या अंगानं मालगाडी शिट्टी वाजवत गेली. साडेचारची गाडी तिच्या मागोमाग असते. येडबानं कुडाचं दार उघडलं आणि मेंढरं सरळ माळावर सोडून दिली. त्यांच्यामागं कोण जाणार याचा विचार त्यानं केला नाही. तो धावतच घरी आला.

"बाबू, अर्ज काडा," तो म्हणाला.

"भाऊ, मी जानार न्हाई," अंगद म्हणाला.

"तुला कुनी इचारलं?" येडबा असा कधी बोलत नसे.

दिनकररावांनी अर्ज ओट्यावर पसरला, टाक काढला, शाईची डबी उघडली. नाव, वय, राहणार, शिक्षण असं त्यांनी भराभर भरलं. बापाच्या नावापुढं त्यांचा टाक क्षणभर घुटमळला. मग दाखल्यावर होतं तेच नाव त्यांनी लिहिलं. "इथं बापाचा अंगठा," ते कुणाकडंच न बघता म्हणाले.

सटवाजीनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. "म्या न्हाई लावनार. येकदा लबाडी केली ती बास झाली. मी मरायला टेकलो, आता देवापुढं..."

"दादा, हात द्या."

"न्हाई म्हनलो ना!"

येडबानं आजवर थोरल्या भावाच्या फक्त पायांना हात लावला होता. त्यानं सटवाजीचा उजवा हात काखेतून ओढून काढला, अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ठसा नीट उठेपर्यंत त्यानं सोडला नाही.

"जामीन राहायला एक माणूस लागतं," दिनकरराव म्हणाले. "बापाखेरीज दुसरं कुणी."

"मी हाय की." येडबानं स्वतःचा अंगठा शाईत घातला.

"इथं नातं लिहावं लागतं."

"चुलता."

दिनकररावांनी वर पाहिलं. तीस वर्षं मालधक्क्यावर काढलेला माणूस, पण त्यांनाही ते लिहवेना.

"लिवा, बाबू. चुलता म्हनून लिवा. गाडी जाईल तुमची."

त्यांनी लिहिलं. येडबानं त्या शब्दापुढं अंगठा टेकवला. अर्ज वाळवून घडी घातली आणि दिनकरराव मास्तरांना घेऊन घाईघाईनं स्टेशनाच्या वाटेला लागले. पोचवायला कुणी गेलं नाही. येडबा ओट्यापाशीच उभा राहिला, शाईचा हात अंगापासून दूर धरून. काही करायचं शिल्लक नव्हतं, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच तो एका जागी थांबला होता.

"येडबा," सटवाजी म्हणाला. "पोराला पोटाशी धर."

येडबाला ऐकू आलं नसावं.

"मी सांगायलो. माज्या देखत धर."

येडबानं भावाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. सुगंधाबाईनं डोळ्यांनीच पुढं हो म्हटलं. तो दोन पावलं चालला. पोर त्याच्यापेक्षा हातभर उंच झालं होतं. हात कुठं ठेवायचे, मान कुठल्या बाजूला घ्यायची, त्याला काहीच माहीत नव्हतं. ठाऊक असायला अठरा वर्षांत सराव कधी झाला होता? अंगदच खाली वाकला. मग मात्र येडबानं त्याला असा आवळला की फेट्याचे सैल पेच सुटून खांद्यावर आले. "माजा हाय," तो पोराच्या छातीत तोंड खुपसून म्हणाला, अगदी हळू. पण घर लहान होतं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. कस्तुराबाईनं सुटलेला फेटा गोळा करून पोटाशी धरला आणि ती मान हलवत राहिली.

बाजूला झाल्यावर सुगंधाबाईला दिसलं. नव्या सदऱ्यावर, पाठीवर, येडबाचा शाईचा अंगठा चांगला रुपयाएवढा उठला होता.

"गेला का सदरा कामातनं!" ती ओरडली. "काड, धुऊन टाकते. लगीच धुतला तर निगंल."

"न्हाई," अंगद म्हणाला.

"आरं, सोमवारी साहेबापुढं जायचंय."

"ह्योच घालून जानार हाय."

त्यानं सदरा काढू दिला नाही. माळावर मेंढरं पांगली होती, तिकडं तो निघाला, आणि बाप त्याच्यामागून चालू लागला.